मायलिन वॉटर मॅपवर काळी भोकं आणि पट्टे: फिटला हात लावण्याआधी इको तपासा

थ्री टेस्लाचं एमआरआय मशीन, ३२ इकोंचा (ठरावीक अंतराने येणाऱ्या सिग्नलांचा) ग्रेस, म्हणजे ग्रेडियंट अँड स्पिन इको, सिक्वेन्स, पंधरा मिनिटांचा स्कॅन. प्रत्येक इकोची इमेज डोळ्यांना स्वच्छ दिसते. पण मायलिन वॉटर फ्रॅक्शनचा, म्हणजे एकूण पाण्यात मायलिनमधल्या पाण्याचा वाटा किती या एमडब्ल्यूएफचा, मॅप काढला की टेम्पोरल लोबच्या व्हाइट मॅटरमध्ये शून्याची काळी भोकं दिसतात. व्हेंट्रिकलच्या कडेने पट्टे उमटतात. त्याच माणसाचा आठवड्याने पुन्हा स्कॅन घेतला तर आकडे भलतेच येतात. अशा वेळी हात आपसूक रेग्युलरायझेशनच्या सेटिंगकडे जातो. तिथे थोडं फिरवलं की मॅप गुळगुळीत होतो, दुखणं मात्र तसंच राहतं. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा फिटच्या, म्हणजे सिग्नलला गणिती मॉडेल बसवण्याच्या, आधी असतं. एखाद्या व्हॉक्सेलमध्ये (इमेजच्या एका छोट्या ठोकळ्यात) सिग्नल इकोगणिक कसा उतरतो हे कागदावर काढून पाहिलं, तर ते लवकर सापडतं.

आधी थोडी आकडेमोड

आपण मोजतो ते मायलिनच्या, म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या वेष्टणाच्या, थरांमध्ये अडकलेलं पाणी. खुद्द मायलिनच्या लिपिडांचा सिग्नल एका मिलिसेकंदाच्याही आत विझतो, त्यामुळे नेहमीच्या इकोंपर्यंत तो पोचतच नाही. थरांमधल्या पाण्याचा टी२, म्हणजे सिग्नल विझण्याचा काळ, साधारण १० ते ४० मिलिसेकंद असतो. पेशींच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याचा ७० ते १०० च्या आसपास आणि सीएसएफचा, म्हणजे मेंदूभोवतीच्या द्रवाचा, एका सेकंदाच्या वर. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलेक्स मकाय आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली याच फरकाच्या आधारे जिवंत माणसाच्या मेंदूतलं मायलिन वॉटर चित्रात आणलं. निरोगी प्रौढाच्या व्हाइट मॅटरमध्ये एमडब्ल्यूएफ ढोबळमानाने १० ते १५ टक्के येतो, ग्रे मॅटरमध्ये ३ टक्क्यांच्या आसपास.

आता समजा एमडब्ल्यूएफ १२ टक्के आहे, मायलिन वॉटरचा टी२ २० मिलिसेकंद, बाकी पाण्याचा ७०, आणि दोन इकोंमधलं अंतर १०. सुरुवातीचा एकूण सिग्नल १ धरला, तर पहिल्या इकोत मायलिनचा वाटा ०.०७३ उरतो, दुसऱ्यात ०.०४४, तिसऱ्यात ०.०२७, चौथ्यात ०.०१६. पाचव्यापासून एक टक्क्याच्याही खाली. म्हणजे इको ३२ घ्या नाहीतर ४८, मायलिनची खबर पहिल्या चार-पाचांतच असते. पुढचे इको लागतात ते बाकीचं पाणी नीट बांधून काढायला, ते वजा केल्यावर जे उरतं ते मायलिन. म्हणून पहिल्या दोन इकोंत पाच टक्क्यांची गडबड झाली, तर ती एमडब्ल्यूएफमध्ये पाच टक्क्यांची राहत नाही. अख्खा आकडाच गिळून टाकते.

कर्व्ह काढा आणि नुसता बघा

चार जागा ठरवून टाका: स्प्लेनियम, इंटर्नल कॅप्सूलचा मागचा भाग, फ्रंटल व्हाइट मॅटर आणि टेम्पोरल व्हाइट मॅटर. प्रत्येक जागी ३×३ व्हॉक्सेलची सरासरी घ्या. आडव्या अक्षावर इकोची वेळ, उभ्यावर सिग्नलचा लॉगॅरिदम. फिट चालवू नका.

कर्व्ह खाली-वर उड्या मारत असेल, म्हणजे पहिल्या इकोनंतर एकदम दरी, मग हळूहळू आणखी खाली आणि पुन्हा एकदम वर, तर इकोंचा क्रम चुकलाय. मशीनच्या डायकॉम फाइलींमधून विश्लेषणाच्या निफ्टी फाइली करताना प्रत्येक इकोची वेगळी फाइल बनते, आणि नावांच्या अक्षरक्रमाने त्या जोडल्या तर १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ कितीतरी उशिरा. हे फार वेळा घडतं, आणि गंमत म्हणजे अशा गोंधळातूनही फिट काहीतरी मॅप काढून देतोच! फाइलींना ०१, ०२ अशी नावं द्या किंवा क्रम हेडरमधल्या इको टाइमवरून लावा. त्याच बैठकीत इकोच्या वेळेचं एकक पाहून घ्या. डीकेससारख्या प्रोग्रॅमला ती सेकंदात द्यावी लागते, म्हणजे १० मिलिसेकंदासाठी ०.०१.

सगळ्या मेंदूत एकाच इकोशी पायरी दिसत असेल, तर संशय स्केलिंगवर घ्या. काही मशीनं प्रत्येक इमेजला वेगळा रीस्केल स्लोप (आकड्यांना गुणायचा गुणक) लावतात, आणि रूपांतर करताना तो सुटला तर इकोंचं आपसातलं प्रमाण बिघडतं. कवटीजवळच्या, कॉइलच्या लगतच्या व्हॉक्सेलमध्ये पहिल्या इकोचे पुष्कळ आकडे नेमके ४०९५ वर अडकलेले दिसले, तर १२ बिटांची मर्यादा ओलांडून सिग्नल छाटला गेलाय. छाटलेला पहिला इको पुढे वर्णन केलेल्या फ्लिप अँगलच्या दोषासारखाच दिसतो, म्हणून हिस्टोग्रामचं वरचं टोक आधीच तपासलेलं बरं. छाटलेला डेटा दुरुस्त होत नाही. रिसीव्हर गेन किंवा रिकन्स्ट्रक्शनचं स्केल कमी करून स्कॅन पुन्हा घ्यावा लागतो.

दुसरा इको पहिल्यापेक्षा वर: काळ्या भोकांचं नेहमीचं कारण

हा या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त फसवणारा दोष. रिफोकसिंग पल्स, म्हणजे प्रत्येक इको उभा करणारा रेडिओ पल्स, १८० अंशांचा असेल, तर सिग्नल सरळ घसरतो. पण थ्री टेस्लावर रेडिओ तरंगाची लांबी मेंदूच्या आकाराच्या जवळ येते. मग डोक्याच्या मध्यात फ्लिप अँगल, म्हणजे पल्सचा कोन, ठरवल्यापेक्षा जास्त, टेम्पोरल लोब आणि सेरेबेलममध्ये कमी असा असमान पसरतो. पल्स १८० चा राहिला नाही की मॅग्नेटायझेशनचा काही भाग एका इकोपुरता उभ्या दिशेला जाऊन थांबतो आणि पुढच्या इकोत परत येतो. यालाच स्टिम्युलेटेड इको म्हणतात. उभं असताना तो टी२ ने घटत नाही, टी१ ने, म्हणजे उभ्या दिशेच्या बऱ्याच लांब काळाने, घटतो, त्यामुळे जवळपास घटतच नाही.

आकड्यांत पाहू. टी२ ७० आणि इको अंतर १० असताना १८० अंशांवर पहिला इको ०.८७, दुसरा ०.७५. हाच पल्स १२० अंशांचा झाला तर पहिला ०.६५ आणि दुसरा ०.७५. दुसरा इको पहिल्याच्या वर! १५० अंशांवर पहिला ०.८१, दुसरा ०.७६, इथे उलटापालट होत नाही, त्यामुळे डोळ्यांना कर्व्ह ठीक वाटतो, पण सुरुवातीचा उतार पडायला हवा त्याच्या निम्म्याहून कमी पडलेला असतो. मायलिन वॉटरची खूण म्हणजे हाच सुरुवातीचा तीव्र उतार. तो झाकला गेला की फिट प्रामाणिकपणे सांगतो, इथे मायलिन नाही. टेम्पोरल लोबमधलं काळं भोक ते हेच.

उपाय म्हणजे फिटमध्ये स्टिम्युलेटेड इकोंचाही हिशोब ठेवणारं एक्स्टेंडेड फेज ग्राफचं गणित वापरून फ्लिप अँगलही प्रत्येक व्हॉक्सेलला शोधू देणं. आजचे बहुतेक प्रोग्रॅम हे करतात. फक्त ते चालू आहे याची खात्री करा, आणि फ्लिप अँगलचा मॅप दरवेळी काढून पाहा. तो एमडब्ल्यूएफच्या मॅपपेक्षाही बोलका असतो. चांगला मॅप एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे संथपणे बदलतो. त्यात व्हाइट मॅटरचे गायरस किंवा व्हेंट्रिकलची आकृती ओळखू येत असेल, तर फिट फ्लिप अँगल आणि टी२ यांची आपसात अदलाबदल करतोय असं समजा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १६० आणि २०० अंशांचे पल्स इकोंची सारखीच मालिका देतात, म्हणून शोधलेला कोन १८० च्या वर कधी जात नाही. मेंदूच्या मध्यात खरा कोन २०० असेल तर मॅपमध्ये १६० दिसतो, आणि त्याभोवती १८० चं एक कडं. ते कडं म्हणजे बिघाड नव्हे. मात्र त्या कड्याच्या आसपास सिग्नल कोनाला फारसा दाद देत नाही, त्यामुळे नॉइजने कोन इकडेतिकडे जातो आणि सोबत एमडब्ल्यूएफलाही ओढतो. मॅपवरचे मिरपूड टाकल्यासारखे ठिपके पुष्कळदा इथूनच येतात. उपाय दोन. पहिल्या फेरीत कोन शोधा, तो मॅप ६ ते ८ मिलिमीटरच्या गाउसियनने गुळगुळीत करा आणि दुसऱ्या फेरीत तो पक्का ठेवून फक्त टी२ शोधा. पण हे करण्याआधी २०० चे १६० झालेत तिथली घडी उलगडायला विसरू नका, नाहीतर कड्याच्या दोन्ही बाजू एकत्र मिसळून खोटं कमी मूल्य मिळेल. किंवा वेगळा बी१ मॅप, म्हणजे रेडिओ क्षेत्राचा नकाशा, स्कॅनच्या वेळीच घ्या. एक-दोन मिनिटांचं काम आहे आणि आमच्या मते ती मिनिटं सर्वांत जास्त वसूल होतात. टी१ किती धरावा याची मात्र काळजी नको. एक सेकंद धरलं तरी निकाल फारसा हलत नाही.

दोन मितींचा, एकेका स्लाइसचा सिक्वेन्स असेल तर प्रकरण आणखी अवघड. स्लाइसच्या मध्यात पल्स १८० चा असला तरी कडांना तो शून्याकडे उतरतो, त्यामुळे एका व्हॉक्सेलमध्ये कोनांची मिसळण असते. मॉडेलमध्ये स्लाइस प्रोफाइल घातल्याशिवाय ते आकडे वापरू नयेत. शिवाय शेजारच्या स्लाइसचे पल्स मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर घडवतात ते वेगळंच. जमत असेल तर थ्री-डी घ्या, आणि स्लॅबच्या दोन्ही टोकांच्या दोन-तीन स्लाइस टाकून द्या.

नॉइज: आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार

वरच्याच उदाहरणात पहिल्या इकोचा एकूण सिग्नल ०.८४ च्या आसपास येतो. सिग्नल-टू-नॉइज १०० असेल तर नॉइज ०.००८४, आणि चौथ्या इकोतला मायलिनचा वाटा त्याच्या दुप्पट. हेच प्रमाण ५० वर आलं की चौथ्या इकोतलं मायलिन आणि नॉइज एकाच उंचीचे होतात. म्हणून पहिल्या इकोवर १०० ही किमान अट धरावी. त्याखाली एनएनएलएस, म्हणजे ऋण आकडे येऊ न देणारी लघुतम वर्ग पद्धत, एका व्हॉक्सेलला शून्य तर शेजाऱ्याला २५ टक्के देऊ लागते.

हे प्रमाण डोक्याबाहेरच्या काळ्या भागावरून मोजू नका. बहुकॉइल आणि पॅरलल इमेजिंगमध्ये नॉइज जागोजागी वेगळा असतो. तोच स्कॅन लागोपाठ दोनदा घ्या, पहिल्या इकोंची वजाबाकी करा, व्हाइट मॅटरमधल्या फरकाचं प्रमाण विचलन काढा आणि २ च्या वर्गमुळाने भागा.

कमी पडलं तर व्हॉक्सेल मोठा करा. २ मिलिमीटरच्या घनावरून १.५ वर गेलात तर सिग्नल ४२ टक्केच उरतो, आणि तो भरून काढायला वेळ साडेपाच पटींहून जास्त लागतो. सुबक, बारीक मॅपचा मोह इथे महागात पडतो. डीनॉइजिंग करायचं तर अगदी पहिल्यांदा, कोणत्याही इंटरपोलेशनच्या आधी, आणि शक्य असेल तर कॉम्प्लेक्स (मॅग्निट्यूड आणि फेज दोन्ही असलेल्या) डेटावर. मशीन आपणहून मॅट्रिक्स दुप्पट करतं ते रिकन्स्ट्रक्शनमध्ये बंद करा, कारण इंटरपोलेशननंतर शेजारच्या व्हॉक्सेलमधला नॉइज एकमेकांशी जोडला जातो आणि डीनॉइजिंगचं गृहीतकच कोसळतं.

शेवटच्या इकोंकडेही बघा. टी२ ७० असेल तर ३२० मिलिसेकंदांनंतर सिग्नल एक टक्का उरतो, म्हणजे नॉइजच्याच पातळीला. मॅग्निट्यूड इमेजमध्ये नॉइज शून्याभोवती फिरत नाही, शून्याच्या वर एक फळी धरतो. लॉग कर्व्हची शेपटी आडवी झालेली दिसली की समजायचं. फिट त्या फळीला दोन सेकंदांचं पाणी समजतो आणि जिथे सीएसएफ असूच शकत नाही तिथे स्पेक्ट्रमच्या (कोणत्या टी२ चं पाणी किती या आलेखाच्या) उजव्या टोकाला शिखर काढतो. फेज दुरुस्त केलेला रिअल डेटा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. नसेल तर नॉइजच्या तिपटीखालचे इको गाळा. वरच्या उदाहरणात ते साधारण पंचविसाव्या इकोपासून सुरू होतं. मात्र असं केल्यावर सीएसएफच्या लगतच्या व्हॉक्सेलवर भरवसा ठेवू नका.

पट्टे

व्हेंट्रिकलच्या कडेला समांतर, झेब्रासारखे पट्टे म्हणजे गिब्ज रिंगिंग, धारदार कडेशेजारी उमटणाऱ्या खोट्या लाटा. पहिल्या इकोत ते दिसत नाहीत, म्हणून लोक त्याला दोष देत नाहीत. पण २०० मिलिसेकंदांपर्यंत व्हाइट मॅटर पाच-सहा टक्क्यांवर येतं आणि सीएसएफ जवळपास तसंच उजळ राहतं. मग त्या धारदार कडेची लाट व्हाइट मॅटरच्या उरल्यासुरल्या सिग्नलएवढी होते आणि कर्व्हच्या शेपटीला वर-खाली ढकलते. रिकन्स्ट्रक्शनमध्ये सौम्य फिल्टर, किंवा डीनॉइजिंगनंतर अनरिंगिंग, असा क्रम ठेवा. पार्शल फूरिये (कच्चा डेटा अर्धवटच घेणं) वापरलं असेल तर नेहमीचं अनरिंगिंग नीट चालत नाही, म्हणून या स्कॅनसाठी ते बंदच ठेवावं. पट्टे व्हेंट्रिकलच्या आकाराला न जुमानता फेज एन्कोडिंगच्या दिशेत पसरत असतील, तर ते सीएसएफच्या ठोक्याचे किंवा डोकं हलल्याचे. थ्री-डी स्कॅनमधली हालचाल नंतर रजिस्ट्रेशनने सुधारत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना नीट पॅडिंग हाच इलाज.

आता फिटकडे

टी२ चं जाळं १५ मिलिसेकंद ते २ सेकंद, लॉगच्या अंतराने ४० बिंदू, ही रूढ मांडणी बहुतेकदा पुरते. खालची मर्यादा ५ पर्यंत नेलीत तर पहिल्या इकोतली उरलेली प्रत्येक चूक त्या तळाच्या बिंदूत जाऊन साठते आणि मायलिन म्हणून मोजली जाते. व्हाइट मॅटरचा सरासरी स्पेक्ट्रम काढा. शिखर अगदी डाव्या भिंतीला चिकटलेलं असेल तर हेच चाललंय.

रेग्युलरायझेशन ची-स्क्वेअर पद्धतीने, किमान मूल्याच्या १.०२ ते १.०२५ पट, ही जुनी प्रथा. एल-कर्व्ह आणि जीसीव्ही हे सेटिंग निवडण्याचे नवे पर्यायही चांगले. कोणताही घ्या, पण सगळ्या स्कॅनना तोच. जास्त रेग्युलरायझेशनने मुख्य शिखर फुगून ४० मिलिसेकंदांच्या रेषेखाली, म्हणजे मायलिनच्या खात्यात, झिरपतं, कमी केलं तर ठिपके वाढतात. वेगवेगळ्या सेटिंगचे आकडे शेजारी मांडणं म्हणजे वेगवेगळ्या मापांनी धान्य मोजणं. पद्धतींची सरमिसळही तशीच. ग्रेडियंट इकोवर आधारलेल्या एमसीडेस्पॉट या वेगळ्या पद्धतीचे एमडब्ल्यूएफ याहून बरेच मोठे येतात. ४० ची सीमारेषाही दगडावरची नाही. सरासरी स्पेक्ट्रममध्ये दोन शिखरांमधली दरी कुठे पडते ते पाहून ती ठरवा. सेव्हन टेस्लावर टी२ आखडतात, तेव्हा ती खाली आणावी लागते.

भेटीगणिक आकडे बदलत असतील तर बाटली भरा

मॅंगनीज क्लोराइडचं ०.१ मिलिमोलारच्या आसपासचं द्रावण थ्री टेस्लावर साधारण ९० ते १०० मिलिसेकंदांचा एकच टी२ देतं. यात मायलिन नाही, म्हणून एमडब्ल्यूएफ शून्यच यायला हवा. शून्य न आल्यास चूक सिक्वेन्सची किंवा फिटची आहे, माणसाची नाही. एक छोटी बाटली घ्या आणि एक डोक्याएवढी. मोठ्या बाटलीत पाण्यामुळे फ्लिप अँगल मेंदूपेक्षाही जास्त असमान होतो. तिथे एमडब्ल्यूएफ सगळीकडे शून्य आला तर कोनाची दुरुस्ती चोख आहे. बाटल्या स्कॅनर रूममध्ये रात्रभर ठेवा, कारण टी२ तापमानाप्रमाणे सरकतो. बाटली पास झाली आणि माणसाचे आकडे तरीही हलताहेत, तर मशीनच्या सॉफ्टवेअर अपग्रेडची तारीख, इको अंतर आणि टीआर (दोन उत्तेजनांमधला वेळ) हेडरमधून पडताळा. टीआर एक सेकंदाच्या आसपास असेल तर मायलिन वॉटर, टी१ कमी असल्याने, थोडं जास्तच मोजलं जातं. भेटींदरम्यान टीआर बदलला की तो फरक मायलिनचा बदल म्हणून दिसतो.

मॅप बरोबर, अर्थ चुकीचा

ग्लोबस पॅलिडसमध्ये एमडब्ल्यूएफ चढा दिसला तर आनंद मानू नका. तिथल्या लोहामुळे सगळ्याच पाण्याचा टी२ खाली येतो आणि त्याची शेपटी ४० च्या अलीकडे पडते. सूज असेल तर उलट होतं. एमडब्ल्यूएफ हे गुणोत्तर आहे, त्यामुळे मायलिन जागेवर असूनही पाणी वाढल्याने ते उतरतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ताज्या जखमेत म्हणून एकूण पाण्याचं प्रमाण सोबत मोजावं. तुटलेल्या मायलिनच्या थरांतही पाणी अडकलेलंच असतं, आणि तो कचरा पेशींनी उचलून नेईपर्यंत आकडा चढाच राहू शकतो. ल्यूक्सॉल फास्ट ब्लू या मायलिन दाखवणाऱ्या रंगाने रंगवलेल्या ऊतींशी तुलना केलेल्या २००६ च्या कामात आर-स्क्वेअर सरासरी ०.६७ आला होता.

सायनसच्या वरचा फ्रंटल लोबचा तळ आणि कानाच्या हाडालगतचा टेम्पोरल भाग यांचे आकडे ग्रेसमध्ये वेगळे नोंदवा किंवा गाळा. तिथे के-स्पेसच्या, म्हणजे इमेज बनण्याआधीच्या कच्च्या डेटाच्या, बाहेरच्या रेषा ग्रेडियंट इकोंनी भरलेल्या असतात, आणि हवेलगतचं चुंबकीय क्षेत्र वाकडं असल्याने त्या धूसर होतात. फ्लिप अँगल कितीही अचूक मिळाला तरी ही धूसरता जात नाही.